वाट आणि वहिवाट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोर्टांत पिढ्यान्‌पिढ्या जे दावे चालत आले, त्यांत वाटेचे दावे फार. आंब्याची फांदी कोणाच्या हद्दीत आली, गडग्याचा चिरा कोणी सरकवला, या भांडणांना लागूनच 'आमची वाट अडवली' हे भांडण असते. याचे कारण जमिनीच्या मांडणीत आहे. कोकणात घर एका भावाच्या वाट्याला, विहीर दुसऱ्याच्या आगरात, भाताचा मळा तिसऱ्याच्या कुळागराच्या पलीकडे. दुसऱ्याच्या जमिनीत पाय न टाकता दिवस काढणे कोणालाच शक्य नाही. त्या पाय टाकण्याला वहिवाट म्हणतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने, जो मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला, या रीतीला नियमात बसवले : २० वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क समजून आणि खंड न पडता वाट वापरली असेल, तर तो हक्क पक्का. जमीन सरकारची असेल, तर मुदत ३० वर्षांची. कोणी वाटेवर बेडे लावले, काटेरी फांद्या टाकल्या, तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, मग मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, जागेवर येऊन पाहणी करणार. अशा पाहणीत कागदापेक्षा दगड अधिक बोलतो. पाखाडीच्या चिऱ्याला मधोमध पडलेला खळगा, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला, हा साक्षीदार उलटतपासणीत फुटत नाही.

या सगळ्या कायद्यात आणि रीतीत एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली आहे, की ती कोणी वेगळी सांगत नाही. वाटेची वहिवाट जाण्यायेण्याची असते, थांबण्याची नसते. एखाद्याने वाटेवर २० वर्षे भाताची उडवी रचली, म्हणून ती वाट उडवीची होत नाही. उलट ज्याला तिथून जायचे आहे तोच उडवी हटवायला सांगू शकतो. गावातला अडाणी समजला जाणारा माणूसही हा फरक जाणतो. शहरात आल्यावर मात्र तो विसरला जातो, आणि बससाठी रस्त्याचा एक पट्टा राखून ठेवायचा प्रस्ताव आला की कसा विसरला जातो ते उघड दिसते. गेल्या १५-२० वर्षांत पुणे, दिल्ली, इंदूर इथे बसच्या राखीव मार्गिकेला रस्त्याकडेच्या वस्त्यांनी जो विरोध केला, तो मुळात वहिवाटीचा दावा होता. 'इथून आम्ही कायम गाडी नेतो, इथे कायम गाडी लावतो, आता तुम्ही कोण सांगणार?' हा दावा कुठे खरा आणि कुठे खोटा, हे वहिवाटीच्याच कसोटीवर तपासता येते. मला वाटते तो निम्म्याहून अधिक खोटा आहे. पण उरलेला भाग खरा आहे, आणि त्याच भागाकडे दुर्लक्ष केल्यामुळे या योजना कोसळल्या.

त्यासाठी आधी हे आठवायला हवे, की आपल्याकडे रस्ता बससाठी राखून ठेवणे ही या १५-२० वर्षांतली कल्पना नाही. रत्नागिरीचा मुंबईशी संबंध तर आधी रस्त्याचा नव्हताच, पाण्याचा होता. आगबोट मांडवीसमोर लांब उभी राहायची, पडावातून माणसे आणि बोचकी तिच्यापर्यंत न्यायची, आणि पावसाळा लागला की हा मार्गच बंद. नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत समुद्राचे दार लावलेले. मोटार आली ती या बंद महिन्यांच्या फटीतून. परंतु खाड्या आडव्या होत्या. पूल नव्हते तिथे गाडी अलीकडच्या काठाला थांबायची आणि उतारूंनी तरीतून पलीकडे जायचे. खासगी मालकांच्या ज्या सर्व्हिस मोटारी चालत, त्या भरल्या की सुटत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने आणि मार्ग ठरवले, तरी दोन मालकांची चढाओढ आणि टपावर चढलेले उतारू हे चित्र लगेच बदलले नाही. मग १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी गाडी सुटली आणि मुंबई प्रांतात एसटीचे पर्व सुरू झाले. १९५० च्या कायद्याने महामंडळांना चौकट मिळाली. पुढच्या काही वर्षांत एकेक मार्ग एसटीकडे आला, म्हणजे त्या मार्गावर टप्पा वाहतूक करायचा अधिकार दुसऱ्या कोणाला उरला नाही.

नीट पाहिले तर ही राखीव मार्गिकाच होती. साडेतीन मीटरचा पट्टा नव्हे, डोंगरापासून खाडीपर्यंत अख्खा रस्ता उतारू नेण्यासाठी एकाच लाल गाडीच्या नावे लावलेला. ज्यांचा धंदा बुडाला त्या मोटारमालकांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या केल्या. पण गावाने केला नाही. गावाच्या दृष्टीने रस्त्यावर दुसरे होतेच काय? बैलगाडी, सायकल, चालणारी माणसे, आणि कधीमधी कोणा साहेबाची मोटार. यष्टी येणे म्हणजे रस्त्याला अर्थ येणे. वस्तीची गाडी रात्री गावात मुक्कामाला आली की शाळामास्तर, टपाल आणि दुसऱ्या दिवशीचा तालुका हे सगळे तिच्याबरोबर येत. अख्खा रस्ता बसला दिला तेव्हा गाव गप्प होता आणि एक पट्टा दिला तेव्हा शहर खवळले. या दोन प्रसंगांमध्ये बसचा स्वभाव बदललेला नाही. रस्त्याकडेला घर आणि दुकान असलेल्या माणसाच्या दारात तेव्हा गाडी नव्हती, आता आहे.

त्या काळात मोटारमालकांनी जे खटले लढवले, त्यांतून रस्ता कोणाचा या प्रश्नाची दोन उत्तरे कायद्यात आली, आणि ती आजच्या वादाला जशीच्या तशी लागू पडतात. उत्तर प्रदेशात बुलंदशहर-दिल्ली मार्गावरून खासगी बस हटवण्याचा कायदा झाला. त्यावर सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सांगितले, की सार्वजनिक रस्ता सरकारच्या ताब्यात असला तरी सरकार त्याचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, आणि त्यावरून जाण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे. तो उत्तर प्रदेशचा कायदा रद्द झाला. दरम्यान १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारी मक्तेदारीला वाट करून दिली होती. मग १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात नवे प्रकरण आले : महामंडळाने मार्ग घेण्याची योजना आखायची, ती राजपत्रात छापायची, ज्याला बाधा होते त्याने ३० दिवसांत हरकत घ्यायची, आणि सरकारने ती ऐकून मगच निर्णय द्यायचा. दुसरे उत्तर याच तरतुदीतून निघाले. आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्याच्या बसमालकांच्या हरकती सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात तो निर्णय मोडीत काढला. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, याला सुनावणी म्हणत नाहीत. सरकार रस्त्याचे विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने निर्णय बदलायचा तर आधी नीट ऐकायचे, अशी ही दोन उत्तरे. पुण्यात २००६ साली पहिल्याचा आधार सर्वांना ठाऊक होता. दुसऱ्याची आठवण कोणाला झाली नाही.

पुण्याची गोष्ट अशी. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले, पाठोपाठ २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. धोरणाचे सूत्र चांगले होते : रस्त्याचा विचार गाड्यांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने करा. अभियानातून शहरांना पैसे मिळणार होते, आणि पैसे मिळणार म्हटल्यावर घाई आली. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर या सुमारे साडेसोळा किलोमीटरच्या पट्ट्यावर जलद बसची पथदर्शी मार्गिका सुरू झाली. लोक तिला नुसते 'बीआरटी' म्हणू लागले. रस्त्याच्या मधोमध दोन पट्टे बसला, कडेला इतर वाहने, त्याच्या बाहेर सायकल आणि पदपथ, असे कागदावर होते. प्रत्यक्षात मार्गिका सलग नव्हती. चौकाजवळ ती संपायची, पूल आला की संपायची, पुढे पुन्हा सुरू व्हायची. थांबे रस्त्याच्या मध्यावर, म्हणजे बस पकडायला प्रत्येक उतारूने दोन रांगा धावत्या गाड्या ओलांडायच्या. तिथे पुरेसे सिग्नल नव्हते, सुरक्षित ओलांडायची सोय अर्धवट होती. मोकळी मार्गिका दिसली की दुचाकीवाले आत शिरत. अपघात झाले, माणसे मेली, आणि वर्तमानपत्रांना मथळा सापडला. ज्या बस तिथून जायच्या त्या तरी नव्या आणि पुरेशा असत्या, तर लोकांनी काही काळ धीर धरला असता. पण पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची परिवहन सेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल उभी राहायला २००७ उजाडले. मार्गिका आधी आली, तिच्यात धावणारी संस्था नंतर.

विरोधकांत तीन प्रकारचे लोक होते आणि त्यांना एकाच पिशवीत कोंबणे अन्यायाचे आहे. पहिला मोटारवाला : रस्ता अरुंद झाला, कोंडी वाढली, हे त्याचे म्हणणे. दुसरा रस्त्याकडेचा व्यापारी आणि सोसायटीवाला : दारापुढे गाडी लावता येईना, वळायला लांब जावे लागते. तिसरा पायी चालणारा, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्या संस्था. या तिसऱ्यातल्या पुष्कळांना बस हवीच होती. त्यांचा राग आखणीवर होता. 'परिसर'सारख्या संस्था तर मार्गिकेच्या बाजूने शेवटपर्यंत बोलत राहिल्या, मात्र ती धड करा असे बजावत. सभांत आणि महापालिकेत आवाज मोठा होता तो पहिल्या दोघांचा, पण त्यांनी पुढे केलेला पुरावा तिसऱ्याचा होता. माझ्या गाडीला जागा हवी असे उघड म्हणायला संकोच वाटतो. रस्ता ओलांडताना म्हातारी मेली, हे म्हणायला संकोच वाटत नाही, आणि ते खरेही असते. अशा रीतीने खऱ्या तक्रारीच्या खांद्यावर बसून खोटी मागणी पुढे सरकली. तिसऱ्याचा उपाय होता सिग्नल, पदपथ, थांब्यापर्यंत सुरक्षित पोचणे. मिळाला तो पहिल्याचा उपाय : मार्गिका उखडणे. नगर रस्त्यावर २०१५ नंतर बऱ्यापैकी धडपणे बांधलेल्या मार्गिकेचा येरवड्यापासून विमाननगरपर्यंतचा भाग २०२३ च्या सुमारास काढायला घेतला, तेव्हा चालणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हे विचारायला कोणी थांबले नाही.

दिल्लीत तेच. आंबेडकरनगर ते मूलचंद हा जेमतेम पावणेसहा किलोमीटरचा पट्टा २००८ मध्ये सुरू झाला. दक्षिण दिल्लीच्या सधन वस्त्यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने मार्गिकेच्या बाजूने कौल दिला, कारण त्या रस्त्यावर बसची संख्या इतर वाहनांच्या मानाने नगण्य असली तरी जाणाऱ्या माणसांचा मोठा भाग बसमध्येच होता. खटला जिंकूनही मार्गिका वाचली नाही, २०१६ मध्ये सरकारनेच ती उखडली. इंदूर ही होळकरांची नगरी, मराठी कानाला जवळची. तिथली साडेअकरा किलोमीटरची मार्गिका बरीच वर्षे चालली, लोक वापरत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती काढण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला मुभा दिली. उलट कोलंबियातल्या बोगोता शहरात २००० च्या डिसेंबरात अशीच सेवा सुरू झाली. त्याआधी महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी पदपथांवर उभ्या राहणाऱ्या मोटारी हटवल्या, तेव्हा त्यांना पदावरून काढण्याची मोहीम निघाली होती. तिथे क्रम वेगळा होता. आधी चालणाऱ्याचा पदपथ मोकळा केला, मग बस आली. म्हणून बस येईपर्यंत तिच्या बाजूने उभे राहणारे लोक तयार झाले होते.

आता मोटारवाल्याच्या आक्षेपांकडे येऊ. 'आम्ही रस्त्याचा कर भरतो' हा पहिला. भरतात, यात शंका नाही. पण एसटीचा उतारू काय फुकट जातो? १९५८ च्या कायद्यान्वये एसटीच्या भाड्याच्या उत्पन्नावर राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. म्हणजे पावसला किंवा कोतवड्याला जाणारी बाई तिकीट काढते, तेव्हा वाहन नसतानाही रस्त्याचा कर भरते. शिवाय शहरातला रस्ता नगरपालिका बांधते ती घरपट्टीतून आणि अनुदानातून. त्यात पायी चालणाऱ्याचाही वाटा आहे. कराची पावती दाखवून रस्ता मागायचा, तर रांग बरीच लांब होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : 'आम्ही कोंडीत उभे, आणि शेजारी बसचा पट्टा रिकामा.' डोळ्यांना हे खरोखरच असह्य वाटते. पण रिकामा दिसणे आणि वाया जाणे यांत फरक आहे. दर दोन मिनिटांनी एक बस आणि बसमध्ये ५० माणसे धरली, तर तासाला दीड हजार माणसे त्या पट्ट्यातून जातात. दोन बसच्या मधली दीड-पावणेदोन मिनिटे तो मोकळाच दिसणार. शेजारच्या पट्ट्यात तासाला ७०० मोटारी आणि मोटारीत दीड माणूस धरले, तर हजाराच्या थोडे वर माणसे होतात, आणि पट्टा मात्र भरगच्च. हा ठोकळ हिशेब आहे, कोणीही कागदावर करून पाहावा. मात्र हाच हिशेब बस दहा मिनिटांनी येऊ लागली की उलटतो : तासाला सहा बस, ३०० माणसे. मग मोटारवाल्याची तक्रार बरोबर ठरते. पुण्यात कित्येक ठिकाणी ती बरोबर ठरली, कारण बसच पुरेशा नव्हत्या. तेव्हा हा आक्षेप मार्गिकेवरचा नाही, बस न घेता मार्गिका बांधणाऱ्यांवरचा आहे.

व्यापाऱ्याचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक भीतीतून आलेला. गिऱ्हाईक दारात गाडी लावते, गाडी लावता आली नाही तर पुढच्या दुकानात जाईल. याबाबत परदेशांत मोजदाद झाली आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात दुकानदारांना विचारले, तर मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. त्यांच्या गल्ल्यावर पैसे ठेवणारे बहुतेक चालत किंवा बसने आलेले होते. आपल्याकडे तर हे सांगायला परदेशी पाहणीची गरज नसावी. रत्नागिरीच्या रामआळीत गौरी-गणपतीच्या आधी जी गर्दी उसळते, ती गाडी लावून आलेली नसते. गावाकडून सकाळच्या गाडीने आलेली, संध्याकाळच्या गाडीने पिशव्या घेऊन परतणारी माणसे असतात. दुकानापुढची जागा दिवसभर अडवून ठेवणारी दुचाकी पुष्कळदा गिऱ्हाइकाची नसते, खुद्द दुकानातल्या माणसाची असते. (ही गोष्ट सर्वांना माहीत असते, तक्रारअर्जात मात्र ती कधी येत नाही.) मालाची चढउतार हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला सकाळची ठरावीक वेळ हे साधे उत्तर आहे. पण दिवसभर उभी गाडी म्हणजे वाटेवरची उडवी. तिला वहिवाट लागत नाही, २० वर्षे उभी असली तरी.

तरीही विरोधकांच्या बाजूने एक मोठी गोष्ट राहते, आणि ती मान्य केल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मिटत नाही. १९५६ मध्ये एका बसमालकाचा परवाना काढायचा तरी राजपत्र, ३० दिवस, हरकत, सुनावणी असा रस्ता होता. २००६ मध्ये हजारो लोकांच्या रोजच्या रस्त्याची रचना बदलली, आणि ते 'रस्त्याचे काम' ठरले. निविदा निघाली, खोदाई झाली, मग लोकांना कळले. सादरीकरणे झाली असतील, पण ऐकणारा आणि ठरवणारा एकच असावा, हा नियम तिथे कोणाला बांधील नव्हता. आणि जी काही सुनावणी आपल्याकडे होते तिच्यात आणखी एक खोट आहे. मामलेदार कोर्टात अर्ज घेऊन येतो तो वाट अडलेला माणूस. बसच्या मार्गिकेबाबत 'हरकती व सूचना' मागवल्या, की अर्ज घेऊन येतो तो वाटेच्या कडेला राहणारा. ज्याची वाट अडली आहे तो उतारू २० किलोमीटरवर राहतो, त्याच्या गावी ती जाहिरात पोचत नाही, आणि पोचली तरी महापालिकेत यायला त्याला रजा मिळत नाही. त्यामुळे फायलीत शंभर हरकती आणि शून्य पाठिंबा दिसतो. नगरसेवक फाईल पाहतो आणि मतेही पाहतो. हडपसरच्या पलीकडून येणाऱ्याचे मत त्याच्या प्रभागात नसते.

रत्नागिरीला या सगळ्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत ७६,२२९ लोकवस्तीचे गाव, मुख्य रस्ता एकच म्हणावा असा, साळवी स्टॉपवरून मारुती मंदिर, तिथून जयस्तंभ, गोखले नाका. मार्गिका आखायची तर रंग लावायलासुद्धा जागा नाही. हे खरे आहे, आणि पुण्याची नक्कल इथे करू नये हेही खरे. पण रस्ता राखून ठेवायचा म्हणजे पट्टाच आखायला हवा असे नाही. वेळ राखता येते, आणि ही युक्ती कोकणाला नवी नाही. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्याहून जड मालवाहू गाड्यांना ठरावीक दिवस बंदी घालण्याचा आदेश गेली अनेक वर्षे निघतो. दूध, औषधे, इंधन असल्या गरजेच्या मालाला सूट, बाकी वाळू-खडीच्या गाड्यांनी थांबायचे. कारण चाकरमान्यांना घरी पोचायचे आहे. वाहतूकदारांचे नुकसान होते, ते कुरकुरतात, पण या बंदीविरुद्ध कोकणात मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. ज्या महामार्गाच्या चौपदरीकरणात परशुराम घाटातल्या मोबदल्यावरून देवस्थान, खोत आणि कुळे वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभी राहिली, त्याच महामार्गाचे राखीव दिवस सर्वांनी निमूट मान्य केले. राखणे कोणासाठी हे स्पष्ट असले, मुदत ठाऊक असली, आणि ज्याच्यासाठी राखले तो आपल्याच घरातला असला, की कोकणी माणूस वाट मोकळी करतो.

तर मग वर्षाचे दहा दिवस जे जमते, ते रोजचे दोन तास का जमू नये? सकाळी शाळा-कचेऱ्यांच्या वेळी आणि संध्याकाळी परतीच्या वेळी मारुती मंदिर ते जयस्तंभ या तुकड्यावर कडेला एकही गाडी उभी न करणे, यासाठी एक रुपयाचे बांधकाम लागत नाही. पिवळी रेघ आणि ती पाळून घेणारा एक शिपाई पुरतो. लाभ कोणाचा होईल तेही उघड आहे. २०११ च्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वांत जास्त, कारण पुरुष मुंबईला. मागे राहिलेली बाई बाजारहाट, दवाखाना, बँक, पोरांची शाळा हे सगळे एसटीने करते. १७ मार्च २०२३ पासून तिला अर्धे तिकीट झाले, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना फुकट प्रवास. सरकारने त्यांचे भाडे कमी केले हे चांगलेच झाले. पण त्यांची गाडी बाजारात एका वाकड्या उभ्या केलेल्या मोटारीमागे दहा मिनिटे हॉर्न वाजवत राहते, तो वेळ त्यांना कोणी परत देत नाही.

अशी सूचना नगरपरिषदेने कधी काढलीच, तर विरोध होणार, आणि व्हावा. हरकत घेणे हा हक्क आहे, आणि गुल्लापल्लीच्या निकालानंतर तो नुसता शिष्टाचार उरलेला नाही. एवढेच करावे, की हरकती-सूचनांचा कागद गोखले नाक्यावरच्या दुकानांत जसा फिरतो, तसाच तो रहाटाघरच्या स्थानकात, फलाटावर, गाडी लागायच्या वेळी फिरवावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा. आसपासच्या गावांच्या गाड्या तिथे लागतात.